तेजाईची ओटी

"कुमे, तेजाई येतीय शुक्रवारी. आपल्या बार्शीत!"

आई दारातूनच ओरडली. पायातल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. मी देवघरासमोर वाती वळत बसले होते. वाती होईपर्यंत बोलायचं नाही असा माझा नेम, म्हणून मी नुसती मान वर केली.

"ऐकतीयस का? टॉकीजवर बोर्ड लागलाय. 'तेजाई इज बॅक'. शुक्रवारी दुपारच्या खेळाला कलाकार येणारेत भेटायला. यामिनी खोतचं नाव आहे त्यात. आपली तेजाई!"

हातातली वात पुरी करून मी डब्यात ठेवली. मग म्हणाले, "आई, तो विनोदी सिनेमा आहे. पोस्टर नीट बघितलंस का?"

"बघितलं की. गॉगल लावलाय तिनं."

"आणि हातात मशालीऐवजी मोबाइलची बॅटरी."

"असू दे. म्हातारपणी हौस." आईनं चपला काढल्या आणि माझ्यासमोर फतकल मारून बसली. "ते राहू दे. तुझा नवस फेडायचा का नाही, तेवढं सांग."

मी वातींचा डबा झाकला आणि उठले.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. वडील गेल्यापासून आई माझ्याकडेच असे. माझी मुक्ता तेव्हा कॉलेजात होती. आणि तो नवस मी बोलले होते चौथीत असताना, मुनोत काकींच्या घरी, टीव्हीसमोर.

आमच्या गल्लीत तेव्हा मुनोतांकडेच टीव्ही होता. काळा-पांढरा, लाकडी दारं असलेला. गुरुवारी संध्याकाळी 'डोंगरची तेजाई' लागायची. गल्लीतली सगळी पोरं हातपाय धुऊन सतरंजीवर बसायची. हात न धुता आलेल्याला काकी परत पाठवायच्या. दर भागात कुणीतरी अडलेलं असायचं. कुणाची गाय हरवलेली, कुणाच्या मुलाला साप चावलेला. मग ते माणूस पणती लावून हाक मारायचं, "तेज येऊ दे, वाट दिसू दे, तेजाई गे, हाक ऐकू दे!" की धूर. धुरातून मशाल. आणि मशालीमागे ती, मळवट भरलेली, केस मोकळे सोडलेली, शेजारी पांढरीशुभ्र गाय. काकी उठून हात जोडायच्या. आम्हीही जोडायचो.

खरं सांगायचं तर ती गाय नव्हती, बैल होता. आम्हा पोरांना ते पहिल्याच भागात दिसलं होतं. कुणीतरी फिसकन हसलं की काकी डोळे वटारायच्या. "देवाघरचं गाईबैल काय बघता रे! चेहरा बघा तिचा." आणि चेहरा खरंच तसा होता. तो बघितला की बैल विसरायला व्हायचं.

त्या वर्षी आईचं पोटाचं ऑपरेशन झालं. साधंच होतं म्हणे, पण आत पू झाला. सोलापूरला नेलं. वडील तिकडे, मी मुनोतांकडे. एका गुरुवारी काकी मागच्या दारी कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होत्या. "काही खरं नाही म्हणतात हो. पोरीला काय सांगायचं?" मी मोरीत पाय धूत होते. सगळं ऐकलं. कुणाला काही विचारलं नाही. तशीच तुळशीपाशी गेले, तिथली पेटती पणती उचलली आणि टीव्हीसमोर आणून ठेवली. मालिका लागली होती. पोरांना वाटलं, काकींनीच सांगितलं असेल. धूर आला, ती आली, आणि मी मनात म्हणाले, तेजाई, माझ्या आईला घरी आण. मी तुझी खणानारळानं ओटी भरीन.

आई घरी आली. काठीसारखी झाली होती, पण आली. आणि पुढच्या काही दिवसांतच मालिका बंद पडली. शेवटचा भागसुद्धा झाला नाही. एका गुरुवारी टीव्ही लावला तर तिथे शेतीवरची चर्चा चाललेली.

मी आईला नवसाचं सांगितलं तेव्हा ती हसली नाही. आधी भवानीच्या देवळात नेलं. गुरव म्हणाले, "आई सगळीकडे एकच. इथं भरा ओटी, पोचंल." भरली. पण परत येताना आई म्हणाली, "गुरवबुवांनी तुझी समजूत घातली. भवानीचं मी दरसाल करतेच. हे हिचं वेगळं आहे. भेटली की फेड." तेव्हापासून मी शुक्रवार धरला. लग्न झालं, मुक्ता झाली, शुक्रवार सुटला नाही. पण यामिनी खोत पुन्हा कुठे दिसल्याच नाहीत. ना टीव्हीवर, ना नाटकात.

आणि आता दिसल्या त्या अशा.

मुक्तानं मला मोबाइलवर जाहिरात दाखवली होती. तेजाई धुरातून येते आणि ठसका लागून खोकत सुटते. मुक्ता पोट धरून हसली. मी मात्र मोबाइल उलटा घालून ठेवला. ज्या चेहऱ्यासमोर मी आईचं आयुष्य मागितलं होतं, त्याच्यावर लोकांनी फिदीफिदी हसायचं? आणि हसवायला ती स्वतःच उभी?

"मी नाही येणार," मी आईला म्हणाले. "तिनं स्वतःच त्या तेजाईचं हसं केलंय. आता कुणाची ओटी भरू मी?"

"नवस काय बघून बोलली होतीस? तिचे पुढचे सिनेमे बघून?"

"आई, चेष्टा नको."

"मी कुठं चेष्टा करतीय? बैलाला गाय म्हणून हात जोडलेत आपण, आता गॉगलला अडलीस?" मग तिचा आवाज जरा खाली आला. "कुमे, माझ्या जिवाचा नवस आहे तो. मी गेल्यावर फेडणार आहेस का? मग त्याला काय अर्थ? मी परत आले, हे तिला माझ्यादेखत सांग. एवढंच म्हणणं आहे माझं."



शुक्रवारी मी उपास धरला, न्हाले, हिरवा खण काढला. तांदूळ, सुपारी, हळकुंड, खारीक, बदाम, नारळ, कुंकवाचा करंडा, सगळं पिशवीत भरलं. टॉकीजच्या दाराशी रखवालदारानं पिशवीत हात घातला आणि नारळ वर काढला.

"हे आत नाही चालायचं, मावशी."

"का?" आईनं विचारलं.

"कुणी फेकून मारला म्हणजे? पब्लिकचा काय नेम?"

"अरे बाबा, ओटीचा नारळ आहे. हिच्या तोंडाकडे बघ. ही कुणाला मारंल का?"

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि नारळ परत पिशवीत ठेवला. मुक्ता मागे ओढणीत तोंड लपवून हसत होती.

टॉकीज भरलं होतं. आमच्या वयाची माणसं पोराबाळांना घेऊन आली होती. सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या दहा मिनिटांतच मला उठून जावंसं वाटलं. एक नवी पोरगी तेजाई झाली होती. तिला डोंगरावर रेंज मिळत नव्हती. पणती लावून हाक मारणाऱ्याला ती "आपण रांगेत आहात" म्हणायची. माझ्या डावीकडे आई खदाखदा हसत होती, उजवीकडे मुक्ता. मी दोघींच्या मध्ये पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलेली.

मध्यंतरात पुढच्या रांगेतला एक गृहस्थ उभा राहून कुणाला तरी ऐकवत होता. "आमच्या लहानपणाचं एवढंच काहीतरी शिल्लक होतं. त्याचंही ह्यांनी भरीत केलं."

त्याची बायको म्हणाली, "मग मघाशी एवढे हसत कशाला होता?"

"हसलो म्हणून काय झालं? हसू येतं ते वेगळं आणि बरं वाटतं ते वेगळं."

मला तो माणूस एकदम जवळचा वाटला.

मध्यंतरानंतर यामिनी खोत आल्या. निवृत्त झालेली जुनी तेजाई, नव्या तेजाईला धडे द्यायला आलेली. धुरातून आल्या, गुडघ्यावर हात ठेवून थांबल्या आणि म्हणाल्या, "बाई गं, ह्या भक्तांना सपाटीवर अडायला काय होतं? दर वेळी मेलं डोंगरावरच!" सगळं टॉकीज हसून कोसळलं. मग त्यांनी बाजूला बघितलं. शेजारी पांढरं जनावर उभं. त्यांनी खाली वाकून नीट बघितलं, सावकाश सरळ झाल्या आणि दिग्दर्शकाला विचारावं तसं पडद्याबाहेर बघून म्हणाल्या, "अहो, इतकी वर्षं कुणीच कसं सांगितलं नाही मला?"

मी हसले. तोंडावर पदर धरायलाही वेळ मिळाला नाही. मुनोतांच्या सतरंजीवर दाबून ठेवलेलं सगळं हसू एकदम बाहेर पडलं. आजूबाजूला सगळेच तसे हसत होते, पन्नाशीचे बाप्ये डोळे पुसत होते. म्हणजे बार्शीतल्या, आणि कुठल्या कुठल्या गावच्या, सगळ्याच पोरांना तो बैल दिसला होता तर. आणि सगळ्यांनीच तो पोटात ठेवला होता.

हसू ओसरतंय तोवर पडद्यावर अंधार झाला. जुनं, खरखरतं शीर्षकसंगीत लागलं, जसंच्या तसं. एक पणती. आणि टॉकीज गप्प झालं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "तेज येऊ दे, वाट दिसू दे…" आणि रांगांमधून तो आवाज हळूहळू वाढत गेला. मुक्ता चकित होऊन मान वळवून मागे बघत होती. मीही म्हणत होते. मग पडद्यावर कुणाचा तरी मोबाइल वाजला, लोक परत हसले, आणि मला ते आवडलं नाही.

खेळ संपल्यावर कलाकार पडद्यासमोर आले. गर्दी, फोटो, शिट्ट्या. त्या गर्दीत ओटी कुठली भरणार? मी "जाऊ दे" म्हणाले. पण आई कधीच मॅनेजरच्या खोलीपाशी जाऊन उभी राहिली होती. यामिनीबाई चहाला तिकडे वळल्या आणि ही त्यांच्या मागोमाग आत. आम्ही दोघी तिच्या मागे.

यामिनीबाई खुर्चीत टेकल्या होत्या. कापलेले पांढरे केस, निळा कुर्ता, पँट, पायात बूट. पडद्यावर दिसल्या त्याहून खूप थकलेल्या.

"सेल्फी ना? या," त्या सवयीनं म्हणाल्या.

"नाही," मी म्हणाले. "मी लहानपणी तुम्हाला नवस बोलले होते. तो फेडायचाय. ओटी भरायचीय तुमची."

त्यांनी कप खाली ठेवला. पिशवीतून डोकावणाऱ्या नारळाकडे बघितलं आणि खुर्ची मागे सारली.

"नाही हो. मी घेत नाही ओटी." मग जरा सावरून म्हणाल्या, "माझे मिस्टर गेले चार वर्षांपूर्वी. चालत नाही ना तसं."

माझे हात थबकले. मी नेमाची बाई. सवाष्णीचीच ओटी भरायची, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पण आई पुढे झाली.

"देवीची ओटी भरताना नवरा आहे का नाही विचारतात का हो?"

"मी देवी नव्हते!" यामिनीबाई एवढ्या जोरात म्हणाल्या की दारातला मॅनेजर आत डोकावून गेला. मग त्या कपाच्या कानाशी चाळा करू लागल्या.

"पन्हाळ्याच्या अलीकडे शूटिंग चाललं होतं," त्या म्हणाल्या. "एक बाई आली. तापानं फणफणलेली लेक तिनं माझ्या पायांवर ठेवली. मी त्या वेषात, मळवट भरलेला. दिग्दर्शक म्हणाले, हात ठेवा डोक्यावर, बरं वाटेल त्यांना. ठेवला मी. पोरीचं कपाळ तव्यासारखं. मी म्हटलं, डॉक्टरकडे न्या हो हिला. ती म्हणाली, आता कशाला डॉक्टर, तुझा हात लागला की."



"पोर गेली. ती बाई परत आली होती सेटवर. मला वाटलं, शिव्या देईल, मारेल. तर परत पाया पडली माझ्या. म्हणाली, आमचंच काहीतरी चुकलं असंल." यामिनीबाईंनी डोळे मिटून घेतले. "दुसऱ्या दिवशी मी काम सोडलं. नंतर तोंडाला रंगच लावला नाही. हा सिनेमा आला तेव्हा म्हटलं, हा करायचा. एकदा लोकांनी मला मनसोक्त हसावं. बैलासकट. मग तरी माझे पाय सोडतील."

मला जाहिरात बघून आलेला राग आठवला आणि कुठे बघावं कळेना. मुक्ता माझा दंड धरून उभी होती.

आईनं मात्र पुढे होऊन यामिनीबाईंचा हात हातात घेतला. "ही चौथीत होती. मी सोलापूरला मरायला टेकलेली. हिनं पणती लावून तुम्हाला सांगितलं, आईला घरी आण. मी आले. ती आई मीच."

यामिनीबाई बघतच राहिल्या. "तुम्ही? परत आलात?"

"आले की. नातीचं बारसं केलं. अजून भांडते हिच्याशी."

"पण ते माझ्यामुळे नाही हो. डॉक्टरांमुळे."

"ते मला कळत नाही होय? डॉक्टरांनी दोनदा पोट फाडलं माझं. तुम्ही काय केलंत, काही नाही." आई अगदी रोजच्या सुरात बोलत होती. "पण ही एवढीशी पोर, आई मरतीय हे ऐकून लोकांच्या घरात एकटी होती. त्या वेळी हिच्यासमोर तुमचं तोंड होतं. त्या बाईलाही तुमचंच होतं. तिचं दुःख तुम्ही घेऊन बसलात, मग माझं येणं पण घ्या. ते कुणी घ्यायचं?"

यामिनीबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. मग अंगावरच्या कुर्त्याकडे बघून ओशाळल्यासारख्या म्हणाल्या, "पण पदर नाही माझ्याकडे."

मुक्तानं गळ्यातली ओढणी काढली आणि न बोलता त्यांच्या खांद्यावर घातली. त्यांनी दोन टोकं पुढे धरली. मी हळदकुंकू लावलं. खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळ भरून तांदूळ घातले. कितीतरी वर्षं मनात ठरवून ठेवलं होतं की तेव्हा काय म्हणायचं. त्यातलं काही आठवलं नाही. "आई घरी आली," एवढंच म्हणाले.

त्या मान हलवत राहिल्या. मग ओढणीतले मूठभर तांदूळ उचलून आईकडे वळल्या. ओटीतले चार दाणे परत द्यायचे असतात. "धरा पदर."

आई झटकन मागे सरली. "मला नको बाई. ह्यांना जाऊन किती वर्षं झाली. मला नसतात भरत."

"मग मला कशी भरली?"

आईनं माझ्याकडे बघितलं. आमच्या घरात काय चालतं, काय चालत नाही, ते मी ठरवायची. संक्रांतीला बायका आल्या की ती आपण होऊन आतल्या खोलीत जाऊन बसायची, आणि मी तिला कधी "बाहेर ये" म्हटलं नव्हतं. माझ्या नेमात ते बसतच नव्हतं.

करंडा अजून माझ्या हातात उघडाच होता.

मी बोट बुडवलं आणि आईच्या कपाळाला टेकवलं. वडील गेल्यापासून कोऱ्या राहिलेल्या त्या जागेवर कुंकू नीट बसेना, जरासं नाकावर सांडलं. आईनं पदर पुढे पसरला. यामिनीबाईंनी त्यात तांदूळ घातले, मग नारळही तिच्याच पदरात ठेवला.

आम्ही बाहेर आलो. पुढच्या खेळाची गर्दी पोस्टरसमोर उभी राहून फोटो काढत होती. मुक्तानं आज्जीचा दंड धरला.

"आज्जी, सिनेमा कसा वाटला?"

"बरा होता," आई म्हणाली. "पण आधीची जास्त चांगली होती."

रिक्षा मिळेना म्हणून आम्ही चालतच निघालो. दुपार कलली तरी ऊन चांगलंच चटकत होतं. ऊन लागलं की पदर डोक्यावर ओढून घ्यायची आईची सवय. त्या दिवशी ती तशीच उघड्या डोक्यानं, कपाळावर कुंकू घेऊन, भर पेठेतून सगळ्यांच्या देखत चालत राहिली. पदर भरलेला होता.